हसऱ्या तोंडाचं बटण

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगू का, निम्म्या लोकांना मी मनातल्या मनात खुळ्यात काढलेलं आहे. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या दारावर टकटक होते... मी वाचायचे आणि म्हणायचे, बाई गं, आधी झोप पुरी कर. आमच्या घरात हे असलं काही चालतच नाही. आम्ही बौद्ध. आजोबा नांदेडकडून हैदराबादला आले ते नोकरीसाठी, आणि बावीस प्रतिज्ञा आम्हा पोरांना पाढ्यांसारख्या पाठ. अंगारे, उतारे, नजर — कुणी नाव काढलं तरी वडील ताटावरून उठायचे. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला खुळ्यात काढलंत तर माझी काही तक्रार नाही.

माझी मराठी जरा हैदराबादी आहे, सांभाळून घ्या. एक बरं आहे — माझ्या मुलीला मराठी धड वाचता येत नाही, आणि नवरा वर्तमानपत्रातल्या क्रिकेटच्या पलीकडे काही वाचत नाही. म्हणून तर इथे लिहायची हिंमत करतेय.

मी काचीगुड्याला एका लॅबमध्ये कामाला आहे. रक्त-लघवीची तपासणी, ईसीजी वगैरे. नाव सांगत नाही. स्टेशनकडून येणारा रस्ता धरून थोडं आत आलं की जुन्या इमारतीचा पहिला मजला. माझं टेबल खिडकीशी, त्यामुळे स्टेशनवरच्या घोषणा दिवसभर कानावर. तेलुगू, हिंदी, इंग्रजी — कुठली गाडी लेट आहे ते मला प्रवाशांच्या आधी कळतं. बाहेर बाकावर पेशंट, आत ट्यूबलाइट, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. जे काही घडलं ते इथे, दिवसाढवळ्या, माणसांच्या गर्दीत घडलं. अंधार नाही, अमावस्या नाही, काही नाही!

आता आमचं काम समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रिपोर्ट मशीनमधून निघतात ते वेगळे. त्याशिवाय आमचं रोजचं एक एक्सेल शीट असतं. एका पेशंटची एक ओळ. आम्ही त्यात आकडे भरतो, कडेला रेघा देतो, काही ठळक करतो. आणि ज्या ओळीत काहीतरी गडबड वाटेल ती अख्खी ओळ गुलाबी करतो. दुपारी डॉक्टर फरीदा मॅडम, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट, सगळ्यात आधी गुलाबी ओळी बघतात, आणि त्या पेशंटला त्याच दिवशी फोन जातो. आमच्याकडे एक नियम फार कडक आहे. रंग कुणीही लावावा, पण काढायचा फक्त डॉक्टरांनी. लावणाऱ्याने पुसायचा नाही.

हा नियम कमलताईंनी घातलेला. कमलताई म्हणजे रिपोर्ट सेक्शनच्या सर्वात जुन्या. लग्न केलेलं नाही, अंबरपेठला भावाकडे राहायच्या. मी नवी लागले तेव्हा माझं आडनाव ऐकून त्या हळूच "जयभीम" म्हणाल्या आणि डबा माझ्यापुढे सरकवला. तेव्हापासून मी त्यांची 'उज्जू'. सासूने शिकवलं नसेल इतकं त्यांनी मला शिकवलं — आणि सासूपेक्षा जास्त झापलंसुद्धा.

ताईंना माऊसचा भयंकर राग. मनगट दुखायचं हे एक कारण, पण खरं कारण दुसरंच होतं. त्या म्हणायच्या, "हात माऊसवर गेला की डोळे वर जातात. आणि वर गेलेले डोळे परत येताना शेजारच्या ओळीवर उतरतात. शेजारच्या ओळीत दुसरा माणूस असतो, उज्जू."

म्हणून त्यांनी शीटच्या अगदी वर जी बारीक पट्टी असते ना, ती आपल्या हिशेबाने लावून घेतली होती. त्या पट्टीवर आपल्याला लागतील ती बटणं बसवता येतात. मग ऑल्ट धरून एक, दोन, तीन दाबलं की त्या त्या जागेवरचं बटण चालतं, माऊसला हातही लावावा लागत नाही. ताईंच्या पट्टीवर दुसऱ्या जागी रेघा, मग ठळक, मग दशांश कमी करायचं, मग फॉरमॅट पेंटर, म्हणजे एका ओळीचं रूप दुसरीला द्यायचं बटण. आणि पहिल्या जागी गुलाबी. त्यासाठी त्यांनी एक छोटासा मॅक्रो करून ठेवला होता, म्हणजे एका दाबात पूर्ण ओळ रंगायची. बटणाला त्यांनी चित्र निवडलं होतं पिवळ्या हसऱ्या तोंडाचं.

मी एकदा चिडवलं, "ताई, आजारी माणसाला हसरं तोंड? शोभतं का हो?"

"अगं, तो आजारी आहे ते आपल्याला वेळेवर दिसलं ना?" त्या म्हणाल्या. "मग रडायचं कशाला?"

गेल्या उन्हाळ्यात कमलताई गेल्या. सुट्टीच्या दिवशी, घरीच, दुपारच्या झोपेत. मला त्यांच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते, आणि हातातली ओली साडी तशीच धरून किती वेळ उभी होते काय की. इतकं तर मी माझ्या सख्ख्या आत्यासाठी रडले नव्हते.

त्यांचं कॉम्प्युटर मला मिळालं. आमचा आयटीवाला श्रीनिवास, त्याने त्यांचं जुनं प्रोफाइल काढून माझं घातलं. ताईंचा मॅक्रो त्या प्रोफाइलसोबत गेला, त्यांची पट्टीही गेली. मी माझी पट्टी लावून घेतली. मला दिवसभर रेघाच जास्त लागतात, म्हणून रेघा पहिल्या. गुलाबी रंग मी नेहमीच्या रंगांच्या डब्यातून घ्यायचं ठरवलं. हसरं तोंड लावलं नाही, ते बघून मला गलबलून यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीट उघडलं तर पट्टीवर पहिल्या जागी हसरं तोंड.

मला वाटलं श्रीनिवासने अर्धवट काम केलं. बोलावलं त्याला, चार शब्द सुनावले. तो बिचारा कान धरून म्हणाला, "मॅडम, मैं खुद डिलीट करा. पुराना प्रोफाइल हैच नहीं." त्याने माझ्यासमोर बटण काढलं. जेवून आले तर परत हजर. मग म्हणाला, कुठून तरी सिंक होत असेल. त्याने काय काय बंद केलं, मला कळलं नाही. मग कॉम्प्युटरच बदलून दिलं — नवं कोरं, ताईंनी कधी हातही न लावलेलं. त्यावर दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका सकाळी पट्टीवर तेच पिवळं तोंड, पहिल्या जागी, आणि माझ्या रेघा दुसऱ्या जागी सरकलेल्या. श्रीनिवासने मॅक्रोंची यादी उघडली. रिकामी. म्हणजे बटण आहे, पण त्याच्या मागे काहीच नाही. असं बटण दाबलं तर एरर यायला हवी, असं तो म्हणाला. त्याने दाबून बघितलं आणि ओळ गुलाबी झाली. तो खुर्चीवरून उठलाच. मॉनिटरला कुंकू लावू का विचारायला लागला, तेव्हा मी त्याला असा झापला की परत तो विषय काढला नाही त्याने.

खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली नव्हती. थोडं बरंच वाटलं होतं. ताईंची सवय मशीनला लागली असेल, असं मी सगळ्यांना हसून सांगायचे. रोज सकाळी बटण काढायचे, रेघा पहिल्या जागी आणायचे आणि कामाला लागायचे.

आणि मग ती मुलगी आली. कॉलेजची पोर, ताप म्हणून आईने आणलेली. तिची ओळ भरली, सगळे आकडे सुरेख. सवयीप्रमाणे ऑल्ट-एक दाबलं, रेघांसाठी. त्या क्षणापर्यंत सकाळपासून ऑल्ट-एकने रेघाच येत होत्या. पण ओळ गुलाबी झाली. वर बघितलं... हसरं तोंड पहिल्या जागी. कंट्रोल-झेड केलं तर मागे जाईना, मॅक्रोने केलेलं तसं मागे जातही नाही. हाताने रंग काढावा म्हटलं, तर नियम आडवा आला. राहू दे म्हटलं, मॅडमना सांगू.

दुपारी फरीदा मॅडमनी विचारलं, "उज्ज्वला, ये लडकी को पिंक कैकू करे? सब नॉर्मल है ना?"

"गलती से हो गया मॅडम."

कमलताईंच्या हाताखाली तयार झालेल्यांच्या चुकाही मॅडम तपासून बघतात. "हो गया तो हो गया. सॅम्पल नया लेको लगाओ."

पोरीला बोलावून रक्त परत घेतलं, तर तिच्या प्लेटलेट्स इतक्या खाली गेलेल्या की मॅडमनी स्वतः फोन उचलला. सकाळी नळ्यांवरचे स्टिकर अदलाबदल झाले होते. मुलगी त्याच संध्याकाळी दवाखान्यात दाखल झाली आणि वाचली. तिची आई पेढे घेऊन आली, माझे हात धरून रडली. मी तर रेघा देत होते.

त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली. आणि सांगायला लाज कसली, अभिमानही वाटला. ताई आहेत, असं वाटलं. ताई माझ्या हातून बघताहेत. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या मी रोज सकाळी ते बटण काढायचं बंद केलं. रेघांसाठी आता ऑल्ट-दोन. ऑल्ट-एकला मी स्वतःहून हातच लावत नव्हते.

नंतर आला तो काचीगुड्यातलाच एक कापडवाला. गप्पिष्ट माणूस, रक्त देतानाही नर्सला साड्यांचे भाव सांगत होता. त्याची ओळ सरळ साधी. ऑल्ट-दोन दाबलं, दोनच — माझं बोट दोनवर होतं, शपथेवर सांगते — आणि ओळ गुलाबी. वर बघितलं तर हसरं तोंड दुसऱ्या जागी येऊन बसलेलं.

मी धावतच मॅडमकडे गेले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. कापडवाल्याला फोन केला, तो कुरकुरत आला. रक्त परत घेतलं, ईसीजी काढला, मॅडमनी त्यांच्या ओळखीच्या हार्टवाल्या डॉक्टरांना दाखवलं. सगळं ठणठणीत! तो मला म्हणाला, "काय बहेनजी, मला उगाच आजारी पाडता का?" मीही हसले. मॅडमनी रंग काढला.

पुढच्या आठवड्यात त्याचा मुलगा रिपोर्टच्या प्रती मागायला आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं. मला काही विचारावं लागलं नाही. काढून झालेल्या प्रती मी परत काढायला लागले, शेवटी त्यानेच माझ्या हातून त्या घेतल्या.

आता मूळ गोष्टीवर येते. हे लिहायला बसल्यापासून मी तिला टाळतेय.

आमच्या लॅबमध्ये वर्षातून एकदा स्टाफच्या घरच्यांची तपासणी होते. आमचे हे आबिड्सला एका इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात आहेत. आम्ही मलकपेठला, रेसकोर्सच्या मागच्या बाजूला राहतो, सकाळी स्कूटरवर मला सोडूनच ते पुढे जातात. त्या दिवशी सोडलं, वर येऊन रक्त दिलं, नर्सला म्हणाले, "थोडं ठेवा माझ्यासाठी, घरी बायको पिते." नेहमीचे विनोद. खाली चहा पिऊन गेले.

दुपारी त्यांची ओळ माझ्यासमोर आली. साखर बरी, कोलेस्ट्रॉल थोडं वर, पण आमच्या वयात कुणाचं नसतं? नाव वाचून मी माऊस धरला. हो, माऊस. ताईंचा सगळा शिकवलेला धडा बाजूला ठेवला. कीबोर्डला हातच लावायचा नाही असं ठरवलं. डोळे त्यांच्या ओळीवर घट्ट ठेवून मी रेघांचं बटण माऊसने दाबलं.

ओळ गुलाबी झाली.

मी ओरडले असणार, कारण बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावून बघत होती. पट्टीवर हसरं तोंड पहिल्या जागी होतं. रेघांचं बटण कुठेच नव्हतं. ठळक नव्हतं, पेंटर नव्हता. पूर्ण पट्टीवर ते एकच.

त्यानंतरचे सगळे दिवस दवाखान्यांत गेले. मी यांना ओढत नेलं — आमच्याकडे, मग दुसऱ्या लॅबमध्ये, मग हार्टच्या दवाखान्यात, मग पोटाच्या डॉक्टरकडे. ट्रेडमिल, सोनोग्राफी, डोक्याचा स्कॅन. हे आधी हसत होते, मग चिडायला लागले.

"अगं, कुणी सांगितलंय मला काही झालंय म्हणून?"

काय सांगू? कमलताईंनी सांगितलंय? शेवटी सांगितलंच. ऐकून घेतलं त्यांनी, सगळं. मग म्हणाले, "तुझे वडील असते तर जेवले नसते आज." आणि कूस बदलून झोपले. मी मात्र त्यांच्या पाठीकडे बघत पडून राहिले, पाठ वर-खाली होतेय ना ते बघत.

सगळे रिपोर्ट उत्तम आले. एकूण एक.

शीटमध्ये ओळ अजून गुलाबीच होती. काढायची डॉक्टरांनी. फरीदा मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, यांचे सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले. फार वेळ बघत बसल्या. मॅडम कधी भावुक होत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"मेरे हिसाब से कुछ नहीं है," त्या म्हणाल्या. "रूल के हिसाब से मैं इसको निकाल सकती. मगर वो कपडेवाले का बी मैंच निकाली थी." मग म्हणाल्या, "तुम बोलो. निकालूँ?"

मी काय बोलायला हवं होतं, तुम्ही सांगा. ओळ गुलाबी ठेवून काय करायचं? फोन कुणाला जाणार? फोन आलाच होता मला, तो आणखी कुठे लावायचा? तपासायचं तरी काय राहिलं होतं? माझं घर त्या रंगात जगत होतं. मुलगी विचारायला लागली होती, "मम्मी, पप्पाला कॅन्सर है क्या?" मला ते संपवायचं होतं. मला झोप हवी होती. मला माझा नवरा परत साधा नवरा म्हणून हवा होता, ज्याच्याशी टॉवेलवरून भांडता येतं.

"निकालो मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी माऊस धरला आणि रंग काढला. ओळ पांढरी झाली.

माझ्या टेबलाशी आले तर पट्टी रिकामी होती. हसरं तोंड गेलेलं. त्या दिवसापासून ते परत आलं नाही. सकाळी येत नाही, जेवून आल्यावर नाही. मी वाट बघितली. मग न राहवून श्रीनिवासकडून तसाच मॅक्रो करून घेतला, तेच चित्र निवडलं, पहिल्या जागी बसवलं. दाबलं की ओळ गुलाबी होते. न दाबता होत नाही. जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना, मी त्या पडद्याला तोंड लावून म्हटलंसुद्धा, "ताई, रागावलात का? काय दिसलं होतं तुम्हाला?" स्टेशनवर कुठल्या तरी गाडीची घोषणा चालू होती. बाकी काही नाही.

आता मी दोन प्रकारे विचार करते. नियम पाळला गेला, डॉक्टरांनी स्वतः बघून रंग काढला, ताईंचं समाधान झालं, त्या गेल्या — हा एक. दिवस बरा असला की हाच खरा वाटतो. दुसरा मी लिहून काढणार नाही, तुम्हाला कळलाच असेल. फरीदा मॅडम त्या विषयावर बोलत नाहीत. श्रीनिवास म्हणतो, फाइल करप्ट झाली होती. कुणाकडे याचं उत्तर असेल तर खरंच कळवा, पण माझ्या समाधानासाठी काही बनवून सांगू नका.

हे चांगले आहेत. स्कूटर चालवतात, मला सोडतात, विनोद करतात, चहात साखर जास्त घालतात आणि मी काही बोलत नाही. पण रोज सकाळी ते आंघोळीला गेले की मी गॅस बारीक करते आणि बाथरूमच्या दारापाशी जाऊन उभी राहते. आत बादली भरत असते. मग नळ बंद होतो आणि थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. तेवढ्या वेळात मी काय काय बघून घेते ते माझं मला माहीत. मग तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज येतो, आणि मी तव्यापाशी परत येते.

आज सकाळीही आला.